पायातली बुरशी, पोटातलं बाळ

माझ्या उजव्या पायाला तीनच बोटं आहेत. साडी जरा खाली सोडून नेसली आणि पुढून बंद चप्पल घातली, की कुणाच्या लक्षात येत नाही. परवा शिरूरच्या एसटी स्टँडवर बाकावर बसले होते, तेव्हा शेजारच्या बाईंना ते दिसलं. त्यांनी सरळ विचारलं, "मशीनीत गेली का बोटं?"

मी म्हटलं, "नाही. बुरशीनं खाल्ली."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग गाडी लागेपर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं. गाडीत चढता चढता त्या म्हणाल्या, "ह्ये लिवून ठिवा बाई. आमच्या वस्तीव बी असल्या पायाचा एक मानूस हाय. समदी त्येला करनी म्हंत्यात."

म्हणून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गोळ्यांची नावं मुद्दाम लिहिलेली नाहीत. ती ज्याची त्यानं डॉक्टरांकडूनच घ्यावीत. मला जे झालं, आणि त्या दिवसांत मी किती भ्याले होते, एवढंच इथे आहे.

न दुखणारी गाठ

माझं माहेर कवठे येमाई. आजोबांच्या काळापर्यंत आमच्या घरची माणसं वर्षातले सात-आठ महिने मेंढरांमागे फिरत. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, थोडी जिरायत केली आणि गावात घर बांधलं. पण मेंढरं सुटली नाहीत. माझ्या शाळेच्या सुट्ट्या मेंढरांमागेच गेल्या, त्याही अनवाणी. काटा मोडला की आप्पा सुईनं कोरून काढायचे, वरून बिब्ब्याचा चटका द्यायचे आणि म्हणायचे, "चल." मी चालायला लागायचे.

पुढे डीएड झालं, नोकरी लागली, लग्न होऊन मी दौंड तालुक्यात राहूला आले. माझे मिस्टर बाळासाहेब ऊस करतात. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझ्या तळपायाला, करंगळीच्या मुळाशी एक गाठ आली. हरभऱ्याएवढी. दाबली तरी दुखत नव्हती. जे दुखत नाही त्याकडे कोण बघतं? सगळे भोवरी म्हणाले, मीही भोवरी म्हणाले. दौंडच्या एका डॉक्टरांनी ती कापून काढली. जखम भरली आणि सहा महिन्यांत गाठ परत आली, या वेळी लिंबाएवढी. पाऊल बाहेरच्या अंगानं फुगलं. चपलेचा पट्टा बसेना.

मग त्या गाठीवर बारीक बारीक तोंडं फुटली. त्यातून चिकट पाणी यायचं. मी पांढरं फडकं बांधून शाळेत जायचे. एके दिवशी फडकं सोडलं, तर त्यावर काळे कण. रव्याएवढे, चकचकीत काळे. मला वाटलं माती. पाय धुतला, नवं फडकं बांधलं आणि ती सुट्टीची दुपार पलंगावरच काढली. संध्याकाळी पाहिलं तर पुन्हा तेच कण. दिवसभर पाय जमिनीला लागलाच नव्हता. ते बाहेरून आले नव्हते, माझ्या आतून आले होते.

एका रिकाम्या काडेपेटीत ते कण भरून मी मिस्टरांना दाखवले. त्यांनी एक कण नखांत धरून दाबला. तो फुटेना.

"बी हाय का काय कसलं?" ते म्हणाले.

घरात गोष्ट लपत नाही. आमचं एकत्र कुटुंब. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, थोरले दीर, आणि थोरल्या जाऊबाई शालन, ज्यांना मी आक्का म्हणते. आक्कांनी एक दिवस माझं ताट-तांब्या मुकाट्यानं वेगळ्या फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांची दोन मुलं माझ्या खोलीत अभ्यासाला येईनाशी झाली. कुणी 'महारोग' हा शब्द उच्चारला नाही. पण शेजारच्या बायका हळदीकुंकवाला आल्या की आधी माझ्या पायाकडे बघायच्या.

एका तासात दोन बातम्या

केडगावहून सकाळची गाडी धरून आम्ही पुण्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. त्वचारोगाच्या विभागात एक मॅडम होत्या, पन्नाशीच्या, आवाज अगदी हळू. मी काडेपेटी पुढे केली. त्यांनी ती उघडली आणि पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या पायाबद्दल न घाबरता बोललं.

"हे आणलंत ते फार चांगलं केलंत."

त्यांनी एक कण काचेवर ठेवला, थेंब टाकला, सूक्ष्मदर्शकात बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "काटा कधी मोडला होता पायात?"

"कोणता सांगू मॅडम?" मी म्हटलं. बारा-पंधरा वर्षांत पायात मोडलेले काटे मोजले होते कुणी?

गाठीचा एक तुकडा तपासायला काढला, एक्स-रे झाला, आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. ते पंधरा दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. हजेरी घेताना मुलांची नावं विसरायचे.

दुसऱ्या खेपेला मॅडमनी मला समोर बसवलं. "ही बुरशी आहे," त्या म्हणाल्या. "मायसेटोमा म्हणतात याला. मातीत असते. काट्यावाटे आत जाते आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. हा महारोग नाही. कर्करोग नाही. एकाची दुसऱ्याला होत नाही."

"बुरशी? म्हणजे भाकरीवर येते ती?"

"तिच्याच गणगोतातली म्हणा. ती शिळ्या भाकरीवर जगते. ही तुमच्या पायावर जगतेय."

त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. करंगळीच्या मागच्या हाडाला भोकं पडलेली दिसत होती, कीड लागलेल्या दाण्यासारखी. त्या म्हणाल्या, नुसतं कापून भागत नाही, मुळं राहतात आणि परत येते. आधी गोळ्या देऊन तिला कोंडायचं, मग ऑपरेशन, मग वर्ष-दीड वर्ष पुन्हा गोळ्या. लिहायला पेन उचललं आणि थांबून त्यांनी विचारलं, "पाळी कधी आली होती?"

मी बोटं मोजली. तीन आठवडे वर झाले होते. पायाच्या काळजीत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. त्यासाठी किती दवाखाने, किती देव झाले होते, ते वेगळंच लिहावं लागेल. लघवीची तपासणी झाली. मॅडमनी चिठ्ठी वाचली आणि पेन खाली ठेवलं.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "आता मला ह्या गोळ्या देता येणार नाहीत. पोटातल्या बाळाला त्या सोसत नाहीत."

मिस्टर बाहेर पायरीवर बसले होते. मी म्हटलं, "दोन गोष्टी आहेत. आधी चांगली सांगते." चांगली ऐकून ते उठून उभेच राहिले, हसायला लागले, आजूबाजूला कुणी ओळखीचं आहे का ते बघायला लागले. मग माझ्याकडे पाहून त्यांचं हसू ओसरलं.

"आन् दुसरी?"

मी ठरवलं नाही

मॅडमनी दोन्ही बाजू मांडल्या होत्या. गोळ्या लगेच सुरू करायच्या तर गर्भ ठेवता येणार नाही. मूल ठेवायचं तर बाळंतपण होईपर्यंत बुरशीला मोकळं रान. ती हाडात किती शिरेल, हे आज कुणीच सांगू शकत नाही. पुढे कदाचित घोट्यापासून पाऊल काढावं लागेल.

घरी सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं होतं, नातवंडासाठी आत्या हटून बसतील. झालं उलटंच.

"पोर पुना व्हईल," आत्या म्हणाल्या. "पाय पुना यील का? माझा भाऊ एका पायानं जगला, म्या बगितलंया त्येचं जिनं. तू गोळ्या सुरू कर."

तिसऱ्या दिवशी मिस्टर उसाला पाणी देऊन आले आणि उंबऱ्यावरच बसले. "म्या काय म्हनू? पोर ठिव म्हनलं आन् तुझा पाय गेला, तर जलमभर मलाच खाईल ते. नगं म्हनलं तर... तूच ठरीव, सुलोचना. म्या पाठीशी हाय."

मला त्यांचा इतका राग आला होता! पाठीशी कशाला, पुढे उभे राहा ना, असं ओरडावंसं वाटलं. दोन महिने मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. आज कळतं, त्यांच्याकडे तरी दुसरं काय होतं?

पुष्कळजण म्हणतात, तू मोठ्या धीराची. खरं सांगते, मी धीराचा निर्णय घेतलेला नाही. मी फक्त दिवस जाऊ दिले. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिले. मग एक सकाळ अशी आली, की पोटात पाखरू फडफडल्यासारखं झालं, आणि दुसरा रस्ता आपोआप बंद झाला.

सातवीचा धडा

शाळा चालू होती. मुख्याध्यापकांनी मला वर्गात खुर्चीसमोर एक स्टूल दिलं होतं, पाय वर ठेवायला. त्या सत्रात सातवीच्या विज्ञानात सजीवांच्या पोषणाचा धडा आला. दरवर्षी मी तो हौसेनं शिकवायचे. पावाचा ओला तुकडा बरणीत झाकून ठेवायचा आणि चार दिवसांनी मुलांना त्यावरची बुरशी दाखवायची.

त्या वर्षीही बरणी आणली. मी सांगत होते, "झाडं स्वतःचं अन्न स्वतः करतात. बुरशीला ते जमत नाही. तिला तोंड नाही, पोट नाही. ती आधी आपला पाचक रस बाहेर सोडते. ज्यावर बसली असेल ते त्या रसात विरघळतं, आणि मग विरघळलेलं ती आपल्या धाग्यांनी शोषून घेते. काही बुरश्या मेलेल्या वस्तूंवर जगतात. काही जिवंत..."

तिथेच माझा आवाज बंद झाला. वर्ग बघत होता. स्टुलावर माझा पाय होता, फडक्यात बांधलेला, आणि त्यात आत्ता, ह्या क्षणी, तेच चाललं होतं. रस सुटत होता. काहीतरी विरघळत होतं.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, जिवंत म्हंजी माणसावर बी?"

"हो," मी म्हटलं. "माणसावरही." आणि पाणी प्यायला बाहेर गेले.

त्यानंतर जेवण घशाखाली उतरेना. आत्या बाळासाठी म्हणून दूध, शेंगदाण्याचा लाडू, नाचणीची खीर पुढे करायच्या. माझ्या मनात एकच घोळत राहायचं, की ह्या घासाचे वाटेकरी दोन आहेत. दोघं माझ्यावर वाढत होते. एकाला वाढवायचं तर दुसरंही वाढणार. मी निम्मं ताट बाजूला सारायला लागले. पुढच्या तपासणीला वजन घटलेलं दिसलं, तेव्हा मॅडमनी खोदून विचारलं. मी खरं ते सांगितलं, "मी कमी खाल्लं तर ती उपाशी मरेल ना?"

मॅडमनी माझा हात धरला. "ती मरणार नाही. तिला तुमच्या ताटाची गरज नाही, तुम्ही आहात तेवढं पुरतं. उपाशी राहील ते बाळ. घरी जाऊन पोटभर जेवा."

"ती वर चढून बाळापर्यंत गेली तर?"

"नाही जात. पायातच राहते."

हे त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलं असेल. मला दहाही वेळा खरं वाटलं नाही.

कागदावरचं पाऊल

दर पंधरा दिवसांनी मी चित्रकलेच्या कागदावर उभी राहायचे आणि मिस्टर पेन्सिलीनं माझ्या पावलाभोवती रेघ ओढायचे. मॅडमना दाखवायला. मोची चपलेचं माप घेतो तसं. नवा कागद जुन्यावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरला, की दोन रेघांतलं अंतर दिसायचं. पाचव्या महिन्यात ते एकदम वाढलं. पावलाच्या वरच्या अंगालाही दोन तोंडं फुटली. त्याच सुमारास नर्सबाई पोटाला टेप लावून म्हणायच्या, "छान वाढतंय बरं का." मला दोन्हीची सारखीच भीती वाटायची.

सातव्या महिन्यात आप्पा कवठ्याहून आले. त्यांना कुणीतरी काट्याचं सांगितलं होतं. मी नको नको म्हणत असताना ते जमिनीवर बसले, फडकं सोडलं आणि माझं पाऊल मांडीवर घेतलं. सत्तरीचा माणूस. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून अंगठा फिरवत होते.

"कोणता काटा म्हनायचा ह्यो," ते म्हणाले. "म्या तर समदं काढलं व्हतं, सुले. समदं."

"तुम्ही काढलं होतं आप्पा. ती मातीतून आलीय. तुमचा काय दोष?"

"तुला चप्पल घ्याया पायजे व्हती."

दारात त्यांच्या स्वतःच्या कातडी वहाणा होत्या, टाचेला झिजून आरपार झालेल्या. त्यांनी फडकं परत बांधलं, अगदी नीट, आणि चहा न घेताच गेले.

पहिल्यांदा पाहिले ते तळवे

दिवस भरले आणि केडगावला एका दवाखान्यात मुलगी झाली. कोमल. नर्सबाईंनी तिला माझ्याजवळ आणलं तेव्हा मी तोंड पाहिलं नाही, आधी दुपटं सोडलं. दोन्ही तळवे पाहिले. बोटं मोजली. पुन्हा मोजली. नर्सबाई म्हणाल्या, "अहो, तोंड तरी बघा पोरीचं!" तेव्हा कुठे मी वर पाहिलं, आणि मला रडू आलं.

पण सुटका झाली नव्हती. गोळ्या अंगावरच्या दुधात उतरतात. गोळ्या सुरू म्हणजे दूध बंद. मी मॅडमकडे महिन्याची मुदत मागितली, ती पाच आठवड्यांवर गेली. तेव्हाच्या एक्स-रेत शेजारच्या बोटामागचं हाडही पोखरलेलं दिसलं. तेव्हा त्या हळू आवाजाच्या बाई पहिल्यांदा कडक बोलल्या.

"सुलोचनाबाई, आता एक दिवसही नाही. नाहीतर सर्जन घोट्यापासून काढतील आणि मला त्यांना अडवता येणार नाही."

सकाळी मी कोमलला शेवटचं पाजलं. दुपारी पहिली गोळी घेतली. गोळी एवढीशी होती, पण मला वाटलं मी काहीतरी मोठा गुन्हा करतेय.

कोमलनं बोंडलं तोंडात घेतलं नाही. गाईचं दूध नाही, पावडरचं नाही. चमच्यानं घातलं की थुंकायची. संध्याकाळपर्यंत रडून रडून तिचा आवाज बसला. माझी छाती दाटून दगड झाली होती. तिचा आवाज कानावर आला की दूध आपोआप वाहायचं, चोळी भिजायची, आणि मी कानांवर हात दाबून भिंतीकडे तोंड करून बसले होते. आत्या तिला घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत होत्या.

तेवढ्यात दारात आक्का आल्या. त्यांचा तिसरा, ओंकार, तेव्हा चार महिन्यांचा होता. वर्षभरात त्या माझ्या खोलीच्या आत आल्या नव्हत्या. आताही त्या उंबऱ्यातच थांबल्या. मग म्हणाल्या, "आत्या, द्या ती इकडं."

आत्यांनी कोमल त्यांच्याकडे दिली. आक्का आत आल्या, माझ्याच पलंगावर बसल्या आणि तिला पदराखाली घेतलं. थोडा वेळ पोरगी तोंड फिरवत राहिली. मग खोलीत फक्त तिच्या पिण्याचा आवाज.

"म्या लई वंगाळ वागले तुझ्यासंगं," आक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पोरांच्या भ्यानं."

"मलासुद्धा माझीच भीती वाटायची, आक्का," मी म्हटलं.

दोन्ही वेळा पाजणं आक्कांकडे राहिलं. मधल्या वेळचं बोंडलं कोमल आठवड्याभरात शिकली. आत्यांनी परसातल्या मोगऱ्याच्या कळ्या ओंजळभर आणून माझ्या छातीवर बांधल्या. त्यानं दूध आटतं, असं त्यांच्या आईनं सांगितलेलं. त्यानं आटलं की दिवसांनी आटलं, कोण जाणे. पण त्या आठवड्यात माझ्या अंगाला औषधाचा सोडून दुसरा कसलातरी वास होता, ते बरं वाटायचं.

चादरीखाली

दोन महिने गोळ्या झाल्यावर ऑपरेशनची तारीख मिळाली. आदल्या दिवशी सही करायचा कागद आला. त्यात एक ओळ होती: गरज पडल्यास पाऊल काढण्यास संमती. मी शिक्षिका, मुलांना सांगते की वाचल्याशिवाय सही करू नका. मी ती ओळ वाचली आणि सही केली.

कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं. मी जागी होते. मध्ये पडदा. डोक्याशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञांनी विचारलं, मुलगी कुणासारखी दिसते. मी सांगत होते आणि पडद्यापलीकडून हाडावर घासल्याचा आवाज येत होता. सर्जन एकदा म्हणाले, "अजून थोडं मागे जावं लागेल." किती मागे, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

वॉर्डात आणलं तेव्हा कमरेखाली काहीच कळत नव्हतं. चादर होती. उठून बसायला मनाई होती. चादरीखाली पाऊल आहे की नाही, मला माहीत नव्हतं. मिस्टर आले. मी म्हटलं, "बघा ना."

त्यांनी चादर उचलली. आणि बोलेचनात. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, त्यांचे ओठ हलत होते पण आवाज नव्हता. माझ्या मनात मी तेवढ्यात कुबड्या घेतल्या, नोकरी सोडली, कोमलला कडेवर घेणं सोडलं.

"अहो, सांगा ना!"

"हाय," ते म्हणाले. रडत होते. "हाय, हाय पाऊल. बोटं न्हाईत दोन. बाकी समदं हाय."

वॉर्डात मी बावीस दिवस होते. सहाला चहाची किटली, आठला ड्रेसिंगची ट्रॉली. ट्रॉलीचं एक चाक कुरकुरायचं. तो आवाज दारात आला की सगळ्या बायकांच्या गप्पा थांबायच्या. माझ्या शेजारच्या खाटेवर खुबा मोडलेल्या एक आजी होत्या. ड्रेसिंग सुरू झालं की त्या म्हणायच्या, "माज्याकडं बग. त्यांच्या हाताकडं नगं बगू." आणि त्या मला त्यांच्या म्हशीचं सांगत राहायच्या. त्यांची म्हैस फार द्वाड होती. मी अजून विसरले नाही.

त्यानंतर

गोळ्या दीड वर्ष चालल्या. दर महिन्याला यकृतासाठी रक्त तपासायचं. दर वेळी कागद हातात येईपर्यंत मी श्वास धरून बसायचे. आपण बऱ्या होत आहोत असं मला एकदाही वाटलं नाही. फक्त अजून काही झालेलं नाही, एवढंच वाटायचं. गोळ्या बंद झाल्यावर भीती उलट वाढली. तोवर निदान आत पहारा होता. एकदा जखमेच्या कडेला बारीक फोड आला. मी शाळेतून तशीच केडगाव स्टेशनवर गेले, घरी निरोपही न देता. मॅडमनी चिमट्यानं तो फोड उघडला आणि आतून टाक्याचा राहिलेला दोरा ओढून काढला. "हे आमचं," त्या म्हणाल्या. "हिचं नाही."

तुमच्या पायाला न दुखणारी गाठ असेल, वाढत असेल, त्यातून कण येत असतील, तर ते कण फेकू नका. डबीत घाला आणि मोठ्या दवाखान्यात न्या. लवकर गेलात तर कदाचित तुमची बोटं राहतील. आणि घरात कुणाला असं झालं असेल तर त्याचं ताट वेगळं करू नका.

कोमल पहिलीत गेली त्या वर्षी मी शेवटच्या तपासणीला गेले. मॅडमचे केस पांढरे झाले होते. त्यांनी एक्स-रे पाहिला, पाऊल दाबून पाहिलं, जुनी जाड फाईल बंद करून माझ्याकडे सरकवली.

"आता यायचं कारण नाही, सुलोचनाबाई. झालं."

बाहेर ओळ लागलेली होती. पुढचा पेशंट दारात येऊन उभा राहिला होता. मला उठता येईना.

"मॅडम," मी म्हटलं, "अजून एकदा बघता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा चढवला, दिवा जवळ ओढला आणि माझं पाऊल आपल्या गुडघ्यावर घेतलं. अंगठ्यानं दाबत त्या टाचेपासून पुढे सरकत गेल्या, आणि या वेळी प्रत्येक जागेला मोठ्यानं सांगत गेल्या.

"इथे नाही. इथे नाही. इथेही नाही."